वडशातला मुक्काम आणि गळके घर

पूर्व विदर्भातल्या या गावाला दोन नावे आहेत. रेल्वेच्या पाटीवर ‘वडसा’ आणि तहसील कचेरीच्या पाटीवर ‘देसाईगंज’. तिकीट वडशाचे काढावे आणि दाखला देसाईगंजचा घ्यावा, असा तिथला शिरस्ता. नवख्या माणसाची थोडी तारांबळ उडते, पण गावकऱ्यांना विचाराल तर ते हसून म्हणतील, “दोन्ही आमचेच जी!” पलीकडे वैनगंगा, नदी ओलांडली की ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर जिल्हा, अलीकडे वडसा आणि गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हापासून बराच काळ त्या एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावे असे ठिकाण ते हेच. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी जुनी छोटी गाडी इथूनच धापा टाकीत जाई. नव्वदीच्या दशकात तिची मोठी लाईन झाली. आता वडशाहून गडचिरोलीकडे नवा फाटा नेण्याचे काम चालले आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी, धानाच्या बांध्या आणि तलाव या तीन शब्दांत तिचे चित्र उभे राहते. इथल्या माणसाचे सारे आयुष्य पाणी अडवण्यात आणि पाणी चुकवण्यात जाते. शेतात ते अडवायचे आणि घरात ते चुकवायचे. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने तलाव अजून धान पिकवतात. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. दोन डोंगरांच्या फटी मातीच्या पाळीने बुजवून एवढे पाणी धरून ठेवणारी ही माणसे. फट म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको.

आणि आम्ही जे वडशाला पोहोचलो ते नेमके एका फटीपायी.

आमच्याजवळ एक जुने मोटारघर आहे. मिनीबसच्या चाशीवर लोखंडी चॅनेलचा सांगाडा, त्यावर बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय आणि सनमायका. दोन खाटा, एक ओटा, एक न्हाणी, आणि छताला उघडझाप करता येणारा झरोका. २०२१ साली राज्य शासनाने कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा अशा गाड्यांचा बराच बोलबाला झाला. आमची मात्र त्याच्या कितीतरी आधीची. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, शाळेतून निवृत्त होताच फंडाच्या पैशांतून ती बांधून घेतली. आज दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कमरेचे हाड मोडून बसल्यापासून आगगाडीचा उंच पायरीदांडा त्यांना चढवत नाही आणि बसमध्ये दोन तासांवर बसवत नाही. या गाडीची पायरी त्यांच्यासाठी वीतभर खाली घेतली आहे आणि खाट त्यांच्या उंचीची आहे. थोडक्यात, ही गाडी आहे तोवर दादांचा प्रवास आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही तिघे, दादा, माझी पत्नी आणि मी, नवेगावबांधला होतो. परतीच्या पावसाने तीन रात्री झोडपले. चौथ्या दिवशी सकाळी पत्नीने खाटेखालचा कप्पा उघडला, तर दुलईला पाणी सुटलेले आणि कुबट वास येत असलेला. खिडकीखालची सनमायका पापडासारखी फुगली होती. दादांनी खाटेवरून उतरताना पाय टेकला तो जमिनीत बोटभर दबला. त्यांनी काही न बोलता पाय उचलून घेतला आणि काठी हातात घेतली.

शहरातल्या एका गाड्यांच्या दलालाला फोन लावला. त्याची मागणी आधीपासून होतीच. तो म्हणाला, “साहेब, वरून सिलिकॉनची एक नळी मारा, आतून नवी सनमायका चिकटवा, रंगाचा हात द्या आणि घेऊन या. उन्हाळ्यात गिऱ्हाईक आहे. पाऊस येईपर्यंत कोणाला कळतेय?” किंमतही बरी बोलला. दादा ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, “त्या गिऱ्हाइकाच्या घरी म्हातारे माणूस असेल का रे?” फोन तिथेच संपला. पण विकायची नाही म्हटले तरी दुरुस्ती कोठे करायची, हा प्रश्न राहिलाच. नवेगावच्या एका चहावाल्याने तो सोडवला. “वडशाले जा. तेथं नाटकाच्या गाड्या दुरुस्त होतात.”

नाटकाच्या गाड्या! पुण्या-मुंबईच्या वाचकाला इथे थोडे थांबवले पाहिजे. नाटक म्हणजे नाट्यगृह, खुर्च्या, तिसरी घंटा आणि मध्यंतरातला बटाटेवडा, अशी आपली समजूत. झाडीपट्टीत नाटक गावोगाव चालत जाते. दंडार, खडीगंमत या जुन्या लोककलांच्या मुळांवर वाढलेली ही रंगभूमी आहे. भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते आणि तेथपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. गावातले मंडळ नाटक ठरवते, तिकिटे विकते, पाहुण्यांना आवतण धाडते. मग रात्री दहा-अकराला पडदा वर जातो तो उजाडेपर्यंत. हजारोंची गर्दी थंडीत चादरी पांघरून बसते. वादकमंडळी रंगमंचाच्या पुढ्यात बसून साथ करतात आणि गाण्याला वन्समोअर मिळाला की पहाट आणखी लांबते. पूर्वी नाटकाच्या जोडीला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, हमखास असत. २०१४ च्या न्यायालयीन बंदीने त्या थांबल्या. पुढे पटाची दाण पुन्हा सजू लागली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदाही वैध ठरवला.

या साऱ्या कारभाराची पेठ म्हणजे वडसा. पन्नासच्या आसपास नाट्यमंडळ्यांची दुकाने, हो, त्यांना दुकानेच म्हणायचे, या एका गावात थाटलेली असतात. रंगीत फलकांवर नटनट्यांचे चेहरे, खाली नाटकाचे झणझणीत नाव. खेड्यातले कार्यकर्ते येतात, चहा होतो, तारीख ठरते, इसार दिला जातो. परशुराम खुणे यांच्यासारख्या इथल्या ज्येष्ठ कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला झाडीपट्टी कळली. झाडीपट्टीला ते केव्हाच ठाऊक होते. आणि हंगाम सुरू झाला की आज या गावी, उद्या त्या गावी. रंगमंचाची लाकडे, पडदे, दिवे, कर्णे ट्रकमध्ये पुढे जातात. कलावंत मागाहून गाडीत झोपत, जेवत, तोंडाचा रंग पुसत जातात. चाकांवरचे घर ही आमची हौस. वडशाच्या माणसांचा तो चार महिन्यांचा संसार.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर होती. गावाबाहेरच्या एका पटांगणात नाटकवाल्यांच्या चार गाड्या उभ्या होत्या. ताडपत्री शिवणारा, पडदे रंगवणारा आणि बॉडी दुरुस्त करणारा मिस्त्री, सारे एका बाभळीच्या सावलीत. मिस्त्री पन्नाशीचे, अंगाने शिडशिडीत, कानावर पेन्सिल. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, नाटकाच्या गाड्या पयले. त्यायची तारीख लागली हाय. मंधातल्या वेळात तुमचं करीन.” आम्ही कबूल झालो. नाहीतरी दबत्या जमिनीवर दुसरीकडे जाणार कोठे?

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी आजवर फक्त डॉक्टरांना करताना पाहिली होती. पेचकसाची लाकडी मूठ घेऊन ते भिंतीवर टकटक करीत चालू लागले. जेथे प्लाय धड होता तेथे ठणठणीत आवाज येई. जेथे कुजला होता तेथे भदभद. प्रत्येक भदभदीवर पेन्सिलीची फुली. खिडकीखाली फुल्या असणार हे आम्हांला ठाऊक होते. पण फुल्या वर वर चढत गेल्या आणि छताच्या कोपऱ्यावर जाऊन थांबल्या.

“गुरुजी,” ते दादांना म्हणाले, “पानी जेथं दिसते ना जी, तेथून ते येत नाई. वरून घुसते अन् खालती तोंड दाखवते.”

शिडीवर चढून त्यांनी मला फट दाखवली. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे मिळतात तेथे वरून एक अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. तिच्याखालचा जुना मसाला वाळून, चिरून गेला होता. गाडी रस्त्याने हिंदकळते तसा सांगाडा पिळवटतो. उन्हात अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त पसरते आणि रात्री जास्त आकसते. वर्षानुवर्षे ही ओढाताण सोसून मसाला मुकाट्याने जागा सोडतो. त्यातून अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू. ओल मिळाली की दोन धातूंचे भांडण लागते, पत्रा भोकाभोवती पिठासारखा पांढरा पडतो आणि भोक मोठे होते. नखाएवढ्या त्या फटीतून शिरलेले पाणी चॅनेलच्या पोटातून सात फूट प्रवास करून दुलईपर्यंत आले होते.

“लपवाचं असन तं दोन तासाचं काम हाय,” मिस्त्री म्हणाले. “दुरुस्त कराचं असन तं आठ दिवस लागन. अन् एक सांगून ठेवतो. खाटेखालचे आडवे चॅनेल खाल्ले असन तं मी हात लावनार नाई. भंगारात घाला. गुरुजीले त्याच्यावर झोपवू नका.”

म्हणजे गाडी उघडल्याशिवाय निकाल नाही, आणि उघडल्यावर दलालाची किंमतही नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी दादांकडे. दादा बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, “उघडा.”

तो दिवस मला लांब वाटला. पट्ट्या निघाल्या, खिडकी चौकटीसकट निघाली, आतला प्लाय करवतीने कापला गेला. हातात यावा तो तुकडा पोह्यांसारखा कुसकरत होता. मिस्त्रींचा दंडक असा की कुजके लाकूड धड लाकूड लागेपर्यंत कापायचे आणि त्यापुढे आणखी चार बोटे. दुपारी त्यांनी खाटेखालची जमीन उचलली. तीन आडवे चॅनेल. पोलादी तारेच्या ब्रशने पहिला घासला. तांबेरा उडाला, खाली लोखंड होते. दुसऱ्याचेही तसेच. तिसऱ्यावर, खिडकीच्या बरोबर खाली, हातोडीचा टोला घातला आणि पत्र्यासारखा तुकडा निखळला. मिस्त्री खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग उठून हात पुसत म्हणाले, “एकच गेला. नवा टाकतो.” दादांनी चहा मागवला, तोही सगळ्यांसाठी.

नवा चॅनेल त्याच संध्याकाळी वेल्ड झाला, त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात बसले. मला वाटले, आता प्लाय ठोकला की झाले. पण पुढचे तीन दिवस काहीच झाले नाही. म्हणजे काहीच करायचे नाही, हेच काम होते. दिवसा दारे सताड उघडी ठेवून ऊन, रात्री पंखा. वडशाच्या लोकांना या वाळवण्याचे मर्म चांगले ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी-देसाईगंजकडच्या काठच्या गावांत घरे बुडवली. ज्यांनी पूर ओसरताच घाईने भिंती रंगवल्या, त्यांचे रंग दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटले. ज्यांनी भिंतींना महिनोन्महिने श्वास घेऊ दिला, त्यांच्या टिकल्या. ताडपत्री शिवणाऱ्या बाईंनी आम्हांला हे सांगितले. त्यांच्या माहेरच्या घरात पाणी छातीइतके होते.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची मिस्त्रींची रीत कोणालाही घरी करता येईल. रात्री प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून लाकडावर डकवायचा. सकाळी आतून दव दिसले तर अजून ओल आहे. पहिल्या दोन सकाळी दव होते. तिसऱ्या सकाळी प्लास्टिक कोरडे निघाले.

त्या रिकाम्या संध्याकाळी आम्ही तालमी ऐकल्या. एका दुकानाच्या मागच्या खोलीत पेटी आणि तबला चालू होता. नायिकेचे काम करणारी बाई मांडीवर तान्हे मूल घेऊन संवाद म्हणत होती आणि मूल झोपले असल्याने तिचा सगळा आक्रोश हलक्या आवाजात चालला होता. दादा दारात खुर्ची टाकून बसत. चौथ्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना एका शब्दाचा उच्चार विचारला. पाचव्या दिवसापासून दादा तालमीला आमच्या आधी जाऊ लागले.

जोडणीचे काम दीड दिवसाचे. पण ते पाहताना मला शाळेतल्यापेक्षा जास्त शिकायला मिळाले. जुना मसाला लाकडी पट्टीने खरवडून काढला, म्हणजे पत्र्याला ओरखडे येत नाहीत. मग थिनरच्या फडक्याने पुसले. पूर्वी कोणीतरी एका कोपऱ्यावर सिलिकॉन मारले होते. ते काढण्यात निम्मा दिवस गेला, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवा मसाला धरत नाही, रंगही धरत नाही. दलालाचा सल्ला आठवून पत्नी हसली. नवा प्लाय मरीनचा घेतला. त्याच्या कापलेल्या कडांना बसवण्याआधीच रंग पाजला, कारण प्लाय पाणी पितो तो कडांनी. पट्टीखाली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी, स्क्रू स्टेनलेसचे आणि प्रत्येक स्क्रूच्या मानेला मसाल्याचा ठिपका. वरून पॉलियुरेथेनची सलग वात, बोटाने अशी उतरती दाबलेली की पाणी तेथे थांबूच नये. खिडकीच्या वरच्या आणि बाजूच्या कडा बंद केल्या. खालच्या चौकटीतली निचऱ्याची भोके मात्र टाचणीने मोकळी केली. मी विचारले, “हीपण बुजवू या ना?” मिस्त्री म्हणाले, “पानी घुसू नये ते आपल्या हातात. पन घुसलंच तं जायले रस्ता पायजे.”

मग परीक्षा. तिची पद्धत अशी की पाणी खालून वर मारीत जायचे. आधी खालचा सांधा, थांबायचे, आत पाहायचे, मग खिडकी, मग छताची पट्टी, शेवटी झरोका. वरून एकदम ओतले तर गळती कोणत्या सांध्याची ते कळत नाही. मी नळी धरली, पत्नी आत बॅटरी घेऊन वाकली, आणि पटांगणातली पोरे जमली. एकेक सांधा पार पडत गेला. झरोक्यापाशी आतून आवाज आला, “थांबा!” एक थेंब होता. झरोक्याच्या चौकटीचे चार स्क्रू पुन्हा काढून त्याखाली नवी पट्टी घातली. दुसऱ्या वेळी आत काही नव्हते.

बिल सत्तेचाळीस हजारांचे झाले. दलालाने सांगितलेल्या किमतीपुढे ते फार नव्हते. हिशेब मात्र वेगळा होता, आणि तो दादांनी मांडला. “आणखी पाच वर्षे मी कोठे जाईन, ते या पैशांत आले,” ते म्हणाले. मिस्त्रींनी हमी दिली ती दोन पावसाळ्यांची. त्यापुढे दरवर्षी मृगाच्या आधी शिडी लावून सांधे तपासायचे, जसे इथले लोक मृगाआधी घरावरची कवेलू फेरतात. चिरलेली दिसली की तेवढीच खरवडून भरायची. तासाभराचे काम, पण न चुकता.

वाचकांपैकी कोणाला झाडीपट्टीकडे जायचे असेल तर भाऊबीजेनंतर जावे. गोंदियाहून किंवा चांद्याकडून वडशाची गाडी मिळते. पेठेत फिरून फलक वाचावेत, ज्या गावचे नाटक आवडेल तेथे संध्याकाळीच पोहोचावे; गावकरी जेवल्याशिवाय बसू देत नाहीत. चादर न्यावी. आमच्या मुक्कामाचा शेवट असाच झाला. मंडईच्या पाठोपाठ त्या मंडळीचा पहिला प्रयोग आरमोरीकडच्या एका खेड्यात होता. त्यांची गाडी पुढे, आमची मागे. नायिकेचा आक्रोश त्या रात्री पूर्ण आवाजात होता. तिचे मूल आमच्या खाटेवर, नव्या प्लायच्या वासात, गाढ झोपले होते, आणि दादा उजाडेपर्यंत पहिल्या रांगेत.

यंदाचा पावसाळा आता सरला. मृगाआधी शिडी लावली, एका ठिकाणी मसाला भरला. जुलैच्या झडीत पत्नी रोज सकाळी खाटेखालचा कप्पा उघडून दुलईला हात लावून पाहत असे. दुलई कोरडी राहिली. परवा वडशाहून दादांना फोन आला. मंडळीने नवे नाटक बसवले आहे, आणि एका लांबलचक संस्कृत शब्दावर सगळे अडखळताहेत. दादांनी पिशवी भरली आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले आहे.